‘निष्काळजीपणा’ : अपघाताच्या नोंदवहीतील एका शब्दाचा इतिहास

या लेखाचा विषय म्हटला तर एकच शब्द आहे. कारखान्यात कामगाराला इजा झाली की एक कागद भरावा लागतो. अपघात केव्हा झाला, कोणत्या खात्यात झाला, कोणत्या यंत्रावर झाला, याचे रकाने त्यात असतात आणि एक रकाना कारणाचा असतो. त्या रकान्यात मी सर्वांत जास्त वेळा वाचलेला शब्द म्हणजे ‘निष्काळजीपणा’. तो शब्द तिथे कसा आला आणि कोणासाठी सोयीचा ठरला, याचा मागोवा घ्यावा असे फार दिवस मनात होते.

माझा दवाखाना बेळगावात आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपमधून येणाऱ्या माणसांना मी तीस-पस्तीस वर्षे तपासत आलो आहे. ताजी जखम घेऊन कोणी होमिओपॅथकडे येत नाही आणि येऊही नये. तुटलेले बोट, मोडलेले हाड हे सर्जनचे काम आहे, हे खुद्द हानेमान यांनीच ‘ऑर्गेनन’मध्ये सांगून ठेवले आहे. आमच्याकडे माणूस येतो तो टाके निघाल्यावर, झोप उडाल्यावर, नसलेले बोट दुखू लागल्यावर.

असाच एक मेंटेनन्स फिटर बऱ्याच वर्षांपूर्वी आला होता. उजव्या हाताची तीन बोटे गेलेली. वाळू मळणाऱ्या मिक्सरचे पाते झिजले होते, ते बदलण्यासाठी त्याने स्विच बंद केला, झाकण काढले आणि हात आत घातला. स्विच भिंतीच्या पलीकडे होता. तेवढ्यात पाळी बदलली. नव्या पाळीचा माणूस आला, त्याला मिक्सर बंद दिसला, त्याने तो सुरू केला. अहवालाची झेरॉक्स फिटरने घडी करून खिशात ठेवली होती. ‘कामगाराने निष्काळजीपणे यंत्रात हात घातला,’ असे तीत लिहिले होते. तो मला पुन्हा पुन्हा एवढेच सांगत होता, “डॉक्टर, मशीन मी स्वतः बंद केलं होतं.”

या माणसाचे दुखणे समजून घेताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. यंत्र चालवणारा कामगार जाळीच्या बाहेर उभा असतो. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला जाळी काढूनच आत जावे लागते. पहिल्याला वाचवणारे कुंपण दुसऱ्याच्या काही उपयोगाचे नाही. कारखान्यांच्या कायद्याचा इतिहास या नजरेने वाचला की त्यात पहिला माणूस फार लवकर दिसतो आणि दुसरा फार उशिरा.

इतिहासाची सुरुवात एका वैद्यापासूनच करतो. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला वैद्य जे प्रश्न परंपरेने विचारत आले त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असे त्यांनी सांगितले : तू काम कोणते करतोस? पुढे हानेमान यांनीही जुनाट रोगात रोग्याचा नेहमीचा व्यवसाय बारकाईने विचारावा, असे ‘ऑर्गेनन’च्या ९४व्या सूत्रात नमूद केले. मात्र हा प्रश्न रोगापुरता राहिला. इजेच्या बाबतीत ‘तू काय करत होतास?’ हा प्रश्न विचारला गेला तो बहुधा दोष ठरवण्यासाठीच.

आता मुंबईकडे वळू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला त्यांची सूतगिरणी सुरू झाली. त्या काळच्या गिरणीची रचना डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक साच्याला आजच्यासारखी स्वतंत्र मोटर नव्हती. सगळ्या गिरणीला मिळून एक वाफेचे इंजिन. त्यावर फिरणारा, छताजवळून खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला लांबलचक शाफ्ट. आणि त्या शाफ्टवरून प्रत्येक यंत्राकडे उतरणारे चामड्याचे पट्टे. एक साचा थांबवायचा तर पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवायचा. साचा थांबे, पण डोक्यावरचा शाफ्ट फिरतच राही. बेअरिंगला तेल घालणारा, निसटलेला पट्टा चढवणारा, तुटलेला पट्टा जोडणारा अशा माणसांचे काम त्या फिरत्या शाफ्टजवळच चाले. एका तेलवाल्यासाठी इंजिन थांबवायचे म्हणजे अख्खी गिरणी थांबवायची. ते कोण करणार? सैल धोतराचे किंवा सदऱ्याचे टोक शाफ्टमध्ये गुंतले की पुढचे सांगायला नको.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातही हे यंत्रयुग फार मागे नव्हते. १८८०च्या दशकातच गोकाकच्या धबधब्याच्या पाण्यावर सूतगिरणी उभी राहिली. इंजिनाच्या वाफेऐवजी घटप्रभेचे पाणी, एवढाच फरक. आपण तेव्हा मुंबई इलाख्यातच होतो, त्यामुळे मुंबईत जे कायदे झाले त्यांचा इतिहास हा आपलाही इतिहास आहे.

मुंबई सरकारने १८७५ साली गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. सोराबजी शापुरजी बेंगाली यांच्यासारख्या गृहस्थांनी कायद्याचा आग्रह धरला. मँचेस्टरच्या कापडवाल्यांनाही हिंदी गिरण्यांवर बंधने हवीच होती. त्यांचा हेतू दयेचा कमी आणि धंद्याचा जास्त होता. १८८१ साली पहिला फॅक्टरी अॅक्ट झाला. १०० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नये आणि धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण घालावे, असे त्यात होते. कुंपण ही त्या काळी मोठीच सुधारणा होती, तिला कमी लेखायचे कारण नाही. पण कुंपण उघडून आत जाणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्या कायद्याने विचारला नाही.

तीनच वर्षांनी तो प्रश्न वेगळ्या रूपात एका मराठी माणसाने विचारला. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारच्या सुट्टीची त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. ती १८९० साली मान्य झाली आणि आपण सारे तिचे वारसदार आहोत. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, तिची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. काम करताना ज्याला भारी इजा होईल त्याला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या उपजीविकेची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती.

वाचकहो, या मागणीत काय नाही ते पाहा. चूक कोणाची, हा शब्दच तिच्यात नाही. इजा कामावर झाली एवढे पुरे, असे त्या ५,५०० माणसांचे म्हणणे होते. त्याच १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला, त्याचे तत्त्वही जवळपास हेच. रविवार मिळायला सहा वर्षे लागली. भरपाईचा कायदा यायला मात्र ३९ वर्षे गेली.

एवढा उशीर का झाला, याचे एक उत्तर इंग्लंडच्या न्यायालयात सापडते. १८३७ साली एका खाटकाच्या नोकराने मालकावर दावा लावला. जादा माल भरलेली गाडी मोडून त्याची मांडी मोडली होती. न्यायालयाने दावा फेटाळला. नोकरी पत्करणारा तिच्यातले धोकेही पत्करतो आणि सोबतच्या नोकराच्या चुकीबद्दल मालक जबाबदार नाही, असा नियम या निकालातून रूढ झाला. आता माझ्या फिटरला हा नियम लावून पाहा. यंत्र सुरू केले दुसऱ्या पाळीच्या कामगाराने, म्हणजे सोबतच्या नोकराने, धोका पत्करला फिटरने, मालक मोकळा. इंग्लंडने १८९७ साली भरपाईचा कायदा करून या नियमाला बगल दिली. आपल्याकडे हा बचाव कायद्याने काढला गेला तो १९३८ साली.

हिंदुस्थानात ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अॅक्ट’ १९२३ साली मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. २०१० साली त्यातल्या ‘वर्कमन’ची जागा ‘एम्प्लॉई’ने घेतली. काम करताना आणि कामामुळे इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, त्याची चूक शाबीत करण्याची गरज नाही, हे लोखंड्यांच्या अर्जातले तत्त्व अखेर कायद्यात उतरले. कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात शरीराच्या एकेका अवयवाचा हिशेब आहे. आजच्या तक्त्याप्रमाणे अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे मानतात, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट १२ टक्के, एका हाताची तीन बोटे ३० टक्के. हा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याचा उपकारही मोठा आहे. बोटाला किंमत लागली म्हणजे ते फुकट उरले नाही.

त्या कायद्यात अपवादही ठेवले होते. कामगार नशेत असेल, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल किंवा संरक्षक जाळी जाणूनबुजून काढली असेल आणि त्यामुळेच अपघात झाला असेल, तर मालक भरपाईतून सुटतो. पुढच्या दुरुस्त्यांनी मृत्यूच्या बाबतीत ही सवलत काढून घेतली. अपवाद वरवर रास्त दिसतात. पण ज्याचे कामच जाळी काढण्याचे आहे, त्याच्या डोक्यावर हा तिसरा अपवाद कायमचा टांगलेला राहतो. ‘जाणूनबुजून’ हा शब्द न्यायालयात तपासला जाई. कारखान्याच्या नोंदवहीत त्याचे ‘निष्काळजीपणा’ होत असे आणि पुष्कळ वेळा प्रकरण तिथेच मिटे.

या शब्दाला शास्त्राचा आधार दिला अमेरिकेत. विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ साली औद्योगिक अपघातांवर पुस्तक लिहिले. ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे आणि फक्त १० टक्के असुरक्षित यंत्रे वा परिस्थिती यांमुळे होतात, असा त्यांचा निष्कर्ष. उरलेले २ टक्के टाळता न येणारे. हा ८८ चा आकडा जगभरच्या कारखान्यांतून पाठ झाला. पण त्यामागची माहिती विम्याच्या दाव्यांतून आणि कारखान्यांनी भरलेल्या अहवालांतून आलेली होती. म्हणजे सुपरवायझरने रकान्यात जे लिहिले त्याचीच बेरीज झाली. त्याच्या २१ वर्षे आधी, १९१० साली, क्रिस्टल ईस्टमन या विदुषीने पिट्सबर्गच्या परिसरात एका वर्षात कामावर मेलेल्या ५२६ माणसांची प्रकरणे एकेक करून तपासली होती. कामगारांचा बेपर्वाईपणा हेच मुख्य कारण, हा लोकप्रिय समज त्या तपासात टिकला नाही. बाईंचे पुस्तक कायदे करणाऱ्यांनी वाचले. कारखान्यांनी मात्र हाइनरिखचा आकडा उचलला.

स्वातंत्र्यानंतरचा १९४८ चा फॅक्टरी अॅक्ट हा आपल्या देशातला खरा भक्कम कायदा. त्याच्या २२व्या कलमात दुरुस्ती-तपासणी करणारा माणूस स्पष्टपणे दिसतो. चालू यंत्राजवळ तेल घालणे, तपासणे अशी कामे करावीच लागली तर ती खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने करावीत, त्याला अंगाला घट्ट बसणारे कपडे कारखान्याने द्यावेत आणि त्याचे नाव नोंदवहीत असावे, असे हे कलम सांगत असे. त्या फिरत्या शाफ्टखाली गेलेल्या तेलवाल्यांची आठवणच जणू या कलमात उतरली आहे. पण त्याचा विषय आहे चालू यंत्र. बंद यंत्र मध्येच सुरू होऊ नये, याची सोय १९७६ च्या दुरुस्तीने २४व्या कलमात आली. वीज तोडण्याचे जे साधन चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर सरकू शकते, ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था असावी, असे ते पोटकलम होते. पहिल्या फॅक्टरी अॅक्टनंतर ९५ वर्षांनी कायद्यात कुलूप आले.

त्यानंतर आठ वर्षांनी भोपाळ झाले. लोखंड्यांच्या अर्जाला तेव्हा बरोबर १०० वर्षे झाली होती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि मिथाइल आयसोसायनेट वायू शहरावर पसरला. त्याच कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनने एका कामगाराचा बळी घेतला होता. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ मध्ये धोक्याची सूचना छापली होती. पाणी टाकीत कसे शिरले, यावर आजही वाद आहे. नळ धुताना अडसराची चकती घातली नव्हती, म्हणून पाणी पुढे गेले, असे कामगारांचे म्हणणे. एका नाराज कामगाराने मुद्दाम पाणी सोडले, असे कंपनीचे म्हणणे. पण टाकी थंड ठेवणारे शीतयंत्र कित्येक महिने बंद होते, आणि वायू जाळून टाकणारा मनोरा नळाचा तुकडा बदलायचा राहिल्याने निकामी होता, या गोष्टी चौकशीत पुढे आल्या. हजारो माणसे मेली, लाखो जायबंदी झाले आणि कंपनीचे बोट अखेर एका कामगाराकडेच वळले. मला त्यात त्या झेरॉक्सवरचेच वाक्य दिसते, फक्त फार मोठ्या अक्षरांत.

भोपाळनंतर १९८७ साली कायद्यात नवे प्रकरण आले. धोक्याच्या प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामगारांनाही जागा असलेली सुरक्षा समिती असावी आणि जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगाराला तो कळवण्याचा हक्क असावा, हे त्यात मान्य झाले. पुढच्याच वर्षी, ६ जुलै १९८८ च्या रात्री, उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेलफलाटावर १६७ माणसे मेली. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, काम संध्याकाळपर्यंत संपले नव्हते. पंपाचा परवाना एका कागदावर आणि व्हॉल्व्हचा दुसऱ्या कागदावर होता. रात्रपाळीला दुसरा कागद दिसला नाही. चालू पंप अडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. पुन्हा पाळीबदल, पुन्हा बंद यंत्र, पुन्हा ‘कोणी सांगितले नाही’. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने कोणा एकाच्या बेपर्वाईवर न थांबता परवान्यांची सगळी पद्धतच तपासली आणि १०६ शिफारशी केल्या.

अमेरिकेने १९८९ साली बंद यंत्राचा स्वतंत्र नियम केला. त्याची रीत इतकी साधी आहे की सांगायला चार वाक्ये पुरतात. यंत्रात हात घालणाऱ्या प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप असते. वीज तोडली की तो ते मेन स्विचला लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. मग बटण दाबून यंत्र खरेच सुरू होत नाही ना, हे पाहतो. तिघे जण काम करत असतील तर तीन कुलपे लागतात आणि शेवटच्याचे कुलूप निघेपर्यंत यंत्र कोणालाही सुरू करता येत नाही. भिंतीपलीकडच्या माणसाला कोणी सांगायला नको, त्याने लक्ष ठेवायला नको. माणसाच्या लक्षावर जी गोष्ट सोपवली होती, ती लोखंडावर सोपवली.

मी जैन घरात वाढलो, म्हणून ‘प्रमाद’ हा शब्द मला लहानपणापासून ऐकून माहीत आहे. उमास्वामींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला प्रथम स्थान दिले आहे. जीव गेला, एवढ्यावर ते थांबत नाहीत; बेसावधपणा कोणाचा, हेही पाहतात. मुनींच्या आचारात आदाननिक्षेपण नावाची समिती आहे : वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी पाहायचे, मग हात लावायचा. फिटरचे काम याहून काय वेगळे आहे? तेव्हा निष्काळजीपणा हा शब्दच खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. कामगारही चुकतो, नियम मोडतो, घाई करतो. पण प्रमाद शोधायचा तर तो पुरता शोधावा. हात घालणाऱ्याचा पाहिला, तसा स्विच भिंतीपलीकडे बसवणाऱ्याचा पाहावा, पाळीबदलाची वही न ठेवणाऱ्याचा पाहावा आणि कुलपाचे पैसे वाचवणाऱ्याचाही पाहावा.

हे आज लिहायचे कारण असे. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० माणसे असली की तो कारखाना ठरे. २०२० च्या संहितेने ही संख्या २० केली. आपल्या गावातले पुष्कळ शॉप त्या दोन आकड्यांच्या मधले आहेत. दुरुस्तीची कामे तर आता बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराच्या माणसांकडे असतात. ते आज या शेडमध्ये, उद्या त्या. त्यांना यंत्र नवे, स्विच नवा आणि पाळीतली माणसेही अनोळखी. कायद्याची नजर जिथे पोचत नाही तिथे मालकाच्या विवेकाशिवाय दुसरा आधार नाही.

या व्याख्यानमालेच्या वाचकांत कारखानदार आहेत, त्यांचे हिशेब पाहणारे आहेत, वकील आहेत, माझे व्यवसायबंधू आहेत. त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे. यापुढे अपघाताचा कागद तुमच्यासमोर येईल तेव्हा कारणाच्या रकान्यात तो शब्द लिहिण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. यंत्र बंद कोणी केले? ते बंदच राहील याची सोय काय होती? किल्ली कोणाच्या खिशात होती? त्या फिटरचा कागद भरताना हे तीन प्रश्न कोणीही विचारले नव्हते.